सगुणाबाईंच्या संगणकाचा दरवाजा अडला त्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं एके गृहराज्यीं जें वर्तलें तें यथास्थित सांगतों, श्रोतीं सावध ऐकावें. त्या राज्याच्या स्वामिनी सगुणाबाई पूर्वी शाळेंत वनस्पतिशास्त्र शिकवीत होत्या. त्यांनीं नदीकाठच्या खडकांवरील शेवाळांचीं छायाचित्रें वर्षानुवर्षें काढिलीं आणि आपल्या लिनक्स संगणकांत जतन केलीं. पुढें नदीवर धरण जाहलें, खडक पाण्याखालीं गेले, आणि तीं शेवाळें त्या चित्रांवांचून कोठें पाहावयास उरलीं नाहींत. ऐसें असतां एके सकाळीं बाईंनीं परवलीचा शब्द दिधला, पडदा क्षणभर काळा जाहला, आणि मग पुन्हा तोच शब्द मागणारा दरवाजा पुढें उभा. फिरोन शब्द दिधला, फिरोन तेंच. मग धाकटे दीर गोपाळपंत, ज्यांनीं हा संगणक बसवून दिधला होता, त्यांस बोलावणें गेलें. पंत तांतडीनें आले आणि पाहोन बोलिले, "वहिनी, सगळें पुसून नवें बसवूं. सांजेपर्यंत कारभार सुरू."

"आणि चित्रें, भाऊजी?"

"वांचलीं तर वांचलीं."

परंतु बाईंचा स्वभाव शोधक, त्या म्हणाल्या, "शब्द चुकला असता तर चुकला म्हणोन सांगितलें असतें. हा तर आंत घेतो आणि बाहेर लोटतो. कां लोटतो, तें आधीं कळूं द्या." मग पंतांनीं कांहीं कळा एकदम दाबून नुसत्या अक्षरांचा काळा पडदा उघडिला. बाईंनीं तोच शब्द दिधला, आणि संगणकानें मुकाट आंत घेतलें. "म्हणजे शब्द खरा!" बाई हर्षल्या. चित्रेंहि जागेवर आढळलीं. मग डिस्कवर जागा किती उरली ऐसें पुसतां उत्तर आलें कीं तिळमात्र नाहीं. आंत येणाराची साधी नोंद करावयासहि ठाव नव्हता, म्हणोन संगणक माघारा लोटीत होता. "भरली कशानें?" बाईंनीं पुसलें. मग एकेक कप्पा तपासतां उमगलें कीं रक्षणार्थ नेमिलेला प्रोग्राम रोज यंत्रणेची नक्कल काढी आणि त्याच डिस्कवर रचून ठेवी. पंतांचा चेहरा उतरला. "वहिनी, हा मींच नेमिला. जुन्या नकला काढून टाक म्हणोन सांगावयाचें राहिलें."

"रक्षणासच नेमिलात ना? मग जुन्या काढून टाका आतां."

पंतांनीं जुन्या नकला काढून टाकिल्या, ताजी तेवढी ठेविली, आणि बाईंनीं दरवाजावर शब्द दिधला. दरवाजा उघडला; पडदाभर हिरवें शेवाळ दिसलें. बाईंनीं डोळे पुसले. पंत उठूं लागले, तों बाई बोलिल्या, "बसा हो. चित्रांची नक्कल ठेवावयास वेगळी डिस्क उद्यां आणूं. पण त्या काळ्या पडद्यास आणखी काय काय विचारतां येतें, तें दाखवा."

पंत बसले. बाईंनीं पुसावें, पंतांनीं सांगावें, आणि पंतांस जें ठाऊक नव्हतें तें दोघांनीं मिळोन पडद्यास पुसावें, ऐसें चाललें. जेवणाची वेळ टळली. तात्पर्य, चित्रें वांचलीं, पंतांस आपला उतावीळपणा कळला, आणि स्वामिनीस नवा अभ्यास लागला. वृत्तांत इतुका.