तिसऱ्या सेन्सरची टिकटिक

"तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्यात मी! शेकडो तारांच्या गुंत्यातून एक मुकी तार हुडकून काढायचे. या चार बटणांची काय बिशाद!"

काकूंनी हे वाक्य गॅरेजवाल्याच्या तोंडावर फेकलं आणि गाडी घेऊन तडक घरी आल्या. बिचारा एवढंच म्हणाला होता, "काकू, हे पार्किंग सेन्सर घरी बसवलेत. काढून टाका, मी नवीन बसवतो." घरी बसवलेत म्हणे! बंपरला फूटपट्टी लावून चार भोकं काकूंनी स्वतः पाडली होती. ड्रिल हातात, आणि डोळ्यांत असं तेज की बंपर आपणहून फाटावा!

पहिले दोन दिवस सेन्सर शहाण्यासारखे वागले. तिसऱ्या दिवसापासून मात्र रिव्हर्स टाकला की गाडी कोकलायला लागायची. मोकळ्या मैदानात उभी केली तरी मागे किल्ल्याचा तट असल्यासारखी!

आणि आज रविवार. अकराला लेक येणार होती, परीक्षा घ्यायला. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात कचऱ्याचा डबा आणि शेजारच्या डॉक्टरांची स्कूटर काकूंनी आडवी केली, तेव्हा लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, माझ्यासमोर गाडी लावून दाखव. नाही जमलं, तर किल्ली माझ्याकडे."

"किल्ली? माझी?" काकू दात-ओठ खात म्हणाल्या होत्या. "बघतेच!"

दहा वाजेपर्यंत त्यांनी सेन्सर पुसले, डिकीतल्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. कोकलणं चालूच. मग त्यांना आठवलं, चांगला सेन्सर बारीक टिकटिकतो. कान लावला की ऐकू येतो. जो गप्प, तो चोर!

त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीमागे जुनी चादर अंथरली आणि काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. काकांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. स्टिअरिंगला त्यांनी आजवर फक्त फडक्याने हात लावला होता.

"इंजिन बंद. हँडब्रेक वर. नुसती किल्ली फिरवा आणि रिव्हर्स टाका. बाकी कशाला हात लावायचा नाही!"

"श्वास घेतला तर चालेल ना?" काकांनी विचारलं.

काकू चादरीवर आडव्या झाल्या आणि बंपरला कान लावला. नेमका तेव्हाच वॉचमन कोपऱ्यावरून वळला. त्याने काय पाहिलं? मागचा दिवा पेटलेला, गाडी कोकलतेय, स्टिअरिंगवर घामाघूम काका आणि मागून बाहेर आलेले काकूंचे दोन पाय!

"धावा हो! काकांनी काकूंना चिरडलं!"

जिने धडधडले. तोंडाला साबण फासलेले डॉक्टर अर्धी दाढी घेऊन धावले. त्यांनी आणि वॉचमनने काकांना बखोटीला धरून बाहेर ओढलं.

"अहो, मी काही केलं नाही!" काका ओरडले. "तिनेच सांगितलं, गाडीत बसा आणि रिव्हर्स टाका!"

"स्वतः सांगितलं?" गर्दी हळहळली. "इतका का त्रास द्यायचा बायकोला!"

"गप्प बसा सगळे!" गाडीमागून आवाज आला. प्रेत बोलल्यासारखी गर्दी थिजली. "ऐकू द्या मला! इथे टिकटिक होतेय!"

मग वॉचमनने आपल्या अकलेचे तारे तोडले.

"टिकटिक? बॉम्ब!"

पाच मिनिटांत पार्किंग रिकामं! ज्याने त्याने आपापली गाडी रस्त्यावर काढली. एका बाईंनी आधी गाडी बाहेर नेली आणि मग त्यांना आठवलं की नवरा वरच राहिलाय. डॉक्टर स्कूटर ढकलत पळाले.

पळाले नाहीत ते एकटे काका.

"पहिला बोलतोय, दुसरा बोलतोय, चौथाही बोलतोय," काकू म्हणाल्या. "तिसरा ठार मुका!"

काका खाकरले. "बसवल्यावर दोन दिवसांनी सेन्सर पांढरे रंगवले ना मी, गाडीला शोभावेत म्हणून... त्या तिसऱ्याची छटा जुळेना गं. मग त्याला आणखी चार हात दिले."

"चार?"

"आणि वरून वॉर्निश."

काकूंनी अंबाड्यातली पिन उपसली आणि खरवडायला सुरुवात केली. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा रंग सुटला. आतून अगदी हळू आवाज आला. टिक, टिक, टिक. आणि काकू बाजूला सरकल्या तसं कोकलणं थांबलं!

काका मान खाली घालून उभे होते. "तुझी गाडी छान दिसावी, एवढंच मनात होतं."

"दिसतेय छान," काकू चादर झटकत म्हणाल्या. "आता बाजूला व्हा."

फाटकावर लेक पोचली, तर वॉचमन आडवा. "आत जाऊ नका ताई, बॉम्ब आहे! आणि काकांनी काकूंना चिरडलंय!"

लेक किंचाळत आत धावली. समोर काकू स्टिअरिंगवर.

"आलीस? उभी राहा तिथे. बघ!"

काकूंनी एका दमात गाडी मागे घेतली आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध लावली. एक बीप नाही!

"अगं आई," लेकीला अजून धाप लागली होती, "अख्खं पार्किंग रिकामं आहे! बीप होईल कशाला?"

"असं? मग माझ्या मागे उभी राहा."

काकूंनी गाडी पुढे नेली आणि परत मागे आणली. बीप... बीप. बीपबीपबीप! लेकीच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"ठेव बाई तुझी किल्ली," ती म्हणाली.

फाटकातून डोकावणाऱ्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकूंनी मान ताठ केली, राणीच्या थाटात दार सताड उघडलं, आणि धाडकन! दार शेजारच्या खांबावर. हा एवढा पोचा!

टाळ्या थांबल्या. लेकीने किल्लीसाठी हात पुढे केला.

काकूंनी पोच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"परीक्षा गाडी लावायची होती," त्या म्हणाल्या, "उतरायची नव्हती!"