चोवीस तासांत निवारण

आमच्या गावच्या वाचनालयात वाचकांना सेवा मिळत नाही, ही गोष्ट आम्हाला पत्रातून कळली. पत्र भंडाऱ्याला उघडलेल्या ‘ग्रंथसेवा सुधार कक्ष’ या नव्या कार्यालयाचे होते. तोवर सेवा मिळते असा आमचा समज होता. सानगडीच्या बाजाराला जाताना मी अर्धवट वाचलेले पुस्तक ओट्यावर उघडेच टाकून जात असे, आणि ग्रंथपाल धनीराम त्यात भाताच्या तणसाची काडी घालून माझे पान धरून ठेवत असे. भाताच्या रोवणीच्या दिवसांत तो सायकलने बांधावर पुस्तके पोचवी. साठीत मला अक्षरओळख करून दिली तीही त्यानेच. पत्रानुसार या सर्व प्रकाराला ‘अप्रशिक्षित वर्तन’ म्हणतात.

धनीरामला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावण्यात आले. सेवा सुधारणे सुरू असल्याने वाचनालय तीन दिवस बंद राहिले.

चौथ्या दिवशी बायजाबाई पुस्तक बदलायला आली. ती धनीरामची शेजारीण. त्याला कडेवर वाढवलेली. तिला पाहताच धनीराम ताठ उभा राहिला, हात जोडले आणि वरचे आठ दात दाखवले.

“नमस्कार. आपल्या वाचनालयात आपले हार्दिक स्वागत आहे. मी आपली कोणती सेवा करू शकतो?”

बायजाबाईने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

“कोणाशी बोलून राहिला रे? बरं नाही का तुले?”

“काकी, आता असंच बोला लागते. आठ दात दिसले पायजेत, असा नियम हाये.”

“तुह्ये दुधाचे दात पडताना पाह्यले मी. नियम नको सांगू. पुस्तक दे.”

इथपर्यंत निभावले. महिनाअखेर कक्षाच्या मेघा मॅडमचा फोन आला. धनीरामने तो आम्हा सर्वांना ऐकू जाईल असा लावला.

“या महिन्यात तक्रारी किती आल्या?”

“एकही नाही, मॅडम.”

“मग निवारण कशाचं केलंत?”

“कशाचंच नाही.”

“म्हणजे महिनाभर तुम्ही काम केलेलं नाही.”

हिशेबाने बाई चुकत नव्हत्या. नियम असा होता की, दरमहा किमान वीस तक्रारी याव्यात आणि प्रत्येकीचे चोवीस तासांत, खर्च न करता निवारण व्हावे. न झाल्यास वाचनालयाला ‘ड’ दर्जा, आणि ‘ड’ दर्जाच्या ग्रंथपालाने घरी बसावे. धनीरामची नोकरी अठरा वर्षांची. दुसरे काही त्याला येत नव्हते, आणि हे काम तर प्रशिक्षणानंतर आणखीच येईनासे झाले होते.

तो घरोघर फिरला. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे दात दिसत नव्हते.

“डोमाकाका, एक तक्रार करा न.”

“कायची करू?”

“कायचीबी. पंखा आवाज करते, लिहा.”

मी लिहिले. दुसऱ्या दिवशी पंखा उतरवण्यात आला. आवाज समूळ नष्ट झाला. आमच्यातल्या घनश्यामने लिहिले, खुर्ची डुगडुगते; खुर्ची गेली. कोणी लिहिले, वर्तमानपत्र उशिरा येते. ते बंद करण्यात आले, तेव्हापासून एकदाही उशीर झालेला नाही. बायजाबाईने मात्र मनापासून लिहिले की अक्षरे बारीक आहेत. बारीक अक्षरांची पुस्तके कपाटात गेली आणि चावी भंडाऱ्याला. वाचनालयाला ‘अ’ दर्जा मिळाला.

प्रगती वाढती असावी म्हणून पुढच्या महिन्याला चाळीस तक्रारी ठरल्या. उरलेली पुस्तके आणि खालची सतरंजी मिळून चार तक्रारी निघाल्या, आणि तीही गेली. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, छत्तीस बाकी. आम्ही उघड्या फरशीवर विचार करत बसलो. खोलीत तक्रारपेटी होती, पण तिच्याविरुद्ध तक्रार तिच्यातच टाकावी लागली असती.

“माहीच तक्रार करा,” धनीराम म्हणाला.

“तुही? काहून?” मी विचारले.

“फॉर्मात छापलंच हाये, ‘कर्मचारी सौजन्याने वागत नाही’. खूण करा, सही करा. मी माफी मागतो, झालं निवारण. माफी मागाले शिकवलं हाये तिथं.”

“तुह्यावर खोटं लिहू मी?” बायजाबाई म्हणाली.

“नोकरी वाचते, काकी.”

तिने कागद पुढे ओढला. मग तिने सही केली. घराघरांतून लोक बोलावून छत्तीस सह्या झाल्या. माझी सही बरी येते, म्हणून मी तिच्याखाली रेघही ओढली. धनीरामने प्रत्येकाची हात जोडून माफी मागितली, वर पाणी पाजले, आणि कागद स्वतः भंडाऱ्याला नेऊन दिले.

निवारणाला पुरते चोवीस तासही लागले नाहीत. माफीची नोंद करायला फॉर्मात जागा नव्हती. कार्यालयाने पंख्याच्या वेळी यशस्वी ठरलेली पद्धत वापरली.

आठवड्याने मेघा मॅडम स्वतः आल्या. कुलूप लावलेल्या दारावर त्यांनी ‘जिल्ह्यातील आदर्श सेवा’ असा कागद चिकटवला आणि जमलेल्या आम्हा वाचकांना आठ दात दाखवून विचारले, “आता काही तक्रार?”

धनीराम सायकल धरून सर्वांच्या मागे उभा होता. बायजाबाईने त्याच्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. मी तिचा हात दाबला. इमारत अजून शिल्लक होती.

कोणी बोलले नाही. मॅडमनी लिहून घेतले: वाचक पूर्ण समाधानी.

तुम्ही आम्हाला हसत असाल. हसा. तुमच्या वाचनालयाविषयी तर तुमची काहीच तक्रार नसणार. तरी एकदा त्या बाजूने जाऊन या, आणि ते आहे का बघा.