पाला माझा, मीठ तुमचं

अण्णामामाकडं जायचं म्हणजे उपरण्याच्या टोकाला चिमूटभर मीठ बांधून न्यावं लागे. लोक पाहुणे म्हणून जाताना केळी नेतात, खारका नेतात; आम्ही मीठ न्यायचो. माझ्यासारखा घामट भाचा घाटनांदुराहून मोमिनाबादेला पोचेपर्यंत ते निम्मं पाझरलेलं असे, आणि मी लोणच्याच्या फोडीसारखा मुरलेला.

मामा ओट्यावरूनच विचारी, "मीठ आणलंस का?"

"आणलंय."

"मग ये. पाला माझा, मीठ तुमचं."

पाणी विचारत नसे. तहान लागली तर परसातल्या विहिरीचं आपलं आपण शेंदून प्यायचं. मामा तोवर वाफ्यात शिरलेला. काहूची पानं खुडायची, झटकून झटकून कोरडी करायची, परातीत मांडायची.

हा काहू म्हणजे छावणीतल्या साहेबांच्या बागेतला पाला. साहेब त्याला लेट्यूस म्हणत. कोबीनं अंग सैल सोडलं तर जसा दिसेल, तसा दिसायचा. मामा कचेरीच्या दारात बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देई. छावणीच्या माळ्याचा असाच एक अर्ज लिहिला, त्याच्या मोबदल्यात काहूचं बी मिळालं. तेव्हापासून हिवाळाभर मामाच्या परसात हिरवंगार, आणि आमच्या पोटात गारेगार.

आपल्याकडं मेथीचा, पाथरीचा घोळाणा करतात. कांदा, कूट, कच्चं तेल. मामाचे प्रकार त्याच्या पुष्कळ पुढं गेलेले. काहू आणि काकडी. काहू, मुळ्याच्या चकत्या आणि लिंबू. काहू, पेरू आणि हिरवी मिरची. प्रत्येकाला हैदराबादच्या दरबारातल्यासारखा किताब. "ही काकडी-जंग. हा मुळा-उद्दौला. मान ठेवून खा." शेंगदाणे मात्र कच्चेच. विस्तवावर गेलेलं काही त्या परातीत पडत नसे. भिजवलेली डाळ हे धान्य का अन्न, याबद्दल त्यानं जातीच्या पंचांकडं उर्दूत अर्ज केला होता. पंचांपैकी कुणालाच उर्दू येत नव्हतं, म्हणून अर्ज मंजूर झाला असं मामा धरून चाले.

परात पुढं सरकवली की तो आतल्या खोलीत जाऊन बसे. तिथून आवाज येई, "चाव की. दात हायेत नव्हं? आवाज येऊ दे."

मी चावायचो. मला भजी आवडतात, तळलेलं काहीही आवडतं. पण तिथं शेरडासारखा कराकरा पाला चावायचो. बायको म्हणायची, "मामांकडनं आलात की दोन दिवस गल्लीतली शेरडं तुमच्यामागं फिरतात." ते खरं होतं.

हे सगळं कशापायी, ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला सांगतो. मामाची एकुलती लेक गोदू लहान वयातच विधवा झाली. मामी आधीच गेलेली. मामानं गोदूचं पुन्हा लग्न लावलं, इंग्रजी हद्दीतल्या एका मास्तराशी. पंचांनी मामाला पंगतीतून उठवलं. त्याच्या घरचं पाणी बंद, अन्न बंद; खाईल तोही बाटला. त्या पंचांत आमचे वडील, नाना, होते.

मामा बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "काकडी दिली तर चालंल का?"

पंच म्हणाले, कच्च्याला विटाळ न्हाई.

"चिरून?"

चालंल.

"मीठ लावून?"

तिथं नाना सावध झाले. "मीठ पडलं की अन्न झालं, अण्णा."

"बरं," मामा म्हणाला, घरी आला आणि परस खणायला लागला.

अर्ज लिहिणारा माणूस; कलमातली फट त्याला बरोबर दिसायची. मीठ खाणाऱ्यानं आपलं आणून आपल्या हातानं घातलं, तर ते अन्न मामाच्या घरचं नव्हे. तिच्यातून त्याला एकीलाच आत आणायचं होतं. आमची आई त्याची पाठची बहीण. दर मार्गशीर्षात ती मामाच्या गावातल्या योगेश्वरीच्या दर्शनाला जाई आणि येताना भावाच्या ओट्यावर टेकायची. पदराच्या गाठीत मीठ. नानांनी ते स्वतः बघून घेतलेलं. परात पुढं आली की ती गाठ सोडायची, मीठ भुरभुरायची, मान खाली घालून खायची. मामा आत बसून ऐकायचा. एकदा मला म्हणाला, "घरात आपल्याच चावण्याचा आवाज यितो रे. लई मोठा वाटतो."

पुढं एका चैत्रात मामा अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. नाना म्हणाले, "जा. गाठ मारून जा." मी आईला बैलगाडीतून घेऊन गेलो.

मामाचं निव्वळ चिपाड झालेलं. तरी आईला बघून उठला, भिंतीला धरत वाफ्यात गेला. चैत्रातला काहू म्हणजे काय विचारता. त्याला उंच देठ फुटलेले, फुलं येऊन म्हाताऱ्या उडायला लागलेल्या, पान मोडलं की पांढरा चीक. ती कडू पानं त्यानं परातीत मांडली. यावेळी किताब दिला नाही.

"मीठ सोड," म्हणाला.

"न्हाई आणलं," आई म्हणाली.

पदराची गाठ मला दिसत होती. मामालाही दिसत असणार.

"मग अळणी खा."

"तुझं घाल, अण्णा."

मामा खाली बसला. "पंगतीतून उठवतील तुला. तुझा नवरा पंच हाय."

"ठाव हाय. घाल."

तो आत गेला. गाडगी हलवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आला तो मूठ भरून, आणि ती सगळीच्या सगळी त्यानं परातीत रिकामी केली. दुसऱ्याच्या पानाला किती मीठ लागतं, त्याचा अंदाजच गेला होता. मी हात पुढं केला, तर आईनं माझ्या मनगटावर चापट मारली. "तुला बायको-पोरं हायेत."

तिनं एकटीनं ते सगळं खाल्लं. कडूजहर आणि खारट. मामा या खेपेला आत गेला नाही. समोर बसून बघत राहिला. शेवटी आई म्हणाली, "मीठ जरा जास्त झालं." मामा म्हणाला, "व्हय." दोघं हसली. निघताना आईनं गाठ सोडून मीठ बैलांना चाटवलं, आणि मामानं त्याच गाठीत काहूचं चिमूटभर बी बांधलं.

घरी उंबऱ्यापाशीच तिनं नानांना सांगितलं. नाना ओरडले नाहीत. प्रायश्चित्त घे म्हणाले.

"चुकले असते तर घेतलं असतं," आई म्हणाली.

तिचं पान वेगळं पडलं ते कायमचं. स्वयंपाक सुनेकडं गेला, पाण्याच्या घागरीला हात लावायची बंदी. मामा त्या उन्हाळ्यातच गेला. बाटलेल्या बहिणीला आता बाटलेल्या भावाकडं जेवायला आडकाठी नव्हती, आणि जायला ते घर उरलं नव्हतं.

हिवाळ्यात आमच्या परसात काहू उगवला. आई पानं खुडायची, झटकून कोरडी करायची, परात माजघरात आमच्या पंगतीसमोर सरकवायची आणि उंबऱ्याबाहेर जाऊन भिंतीआड बसायची. तिथून म्हणायची, "पाला माझा, मीठ तुमचं."

नाना मुकाट्यानं आपल्या पानातलं मीठ घ्यायचे. मी घ्यायचो. कुणी कुणाकडं बघायचं नाही.

मग आम्ही चावायचो. नानासुद्धा, उरलेल्या चार दातांनी. होता होईल तेवढ्या मोठ्यानं.