रंगाण्णाची पुढची शीट

आमच्या गल्लीतला एकही कोंबडा पूर्ण कपड्यांत फिरत नाही. कुणाची मान उघडी, कुणाची शेपूट गायब. एक तर इतका सोलला गेलाय की लाजेनं त्यानं आरवणंच सोडलं. तेव्हापासून अर्धं गडमुडशिंगी गाव उशिरा उठतं. हे सगळं काम रंगाण्णाचं. उपटलेली पिसं गळावर दोऱ्यानं बांधून तो मासे भुलवायला त्यांची हुबेहूब माशी करतो. त्या माशीवर झेप घेऊन जबडा मोडून घेतलेली पाल मी स्वतः पाहिली आहे.

अण्णा कागलच्या एमआयडीसीत लेथवर होता. मशीन बसवायला आलेल्या एका गोऱ्या इंजिनीयरनं जाताना आपली गळकाठी त्याला दिली, आणि माणूस कामातनं गेला. रिटायर झाल्यावर त्यानं जुनी जीप घेतली. दर रविवारी गिऱ्हाइकं भरून पहाटे निघायचं. आधी चंदगडकडच्या नदीत महाशीर मासा, मग घाट उतरून खाडीत तांबोशी. माशी कशी फेकायची, ते अण्णा दाखवणार.

अट एकच. धरलेला मासा सोडायचा. कोल्हापूरच्या माणसाला पाच किलोचा मासा हातात देऊन ‘सोड’ म्हणणं म्हणजे नवरदेवाला बोहल्यावरनं उठवून कारखान्यात पाळीवर पाठवणं. लोक शेगडी, मसाला घेऊन यायचे. अण्णा खेकसायचा, “पावणं हाय ते! पावण्याला कोन रश्श्यात घालतं व्हय?”

आणि दुसरं खूळ म्हणजे जीपमधली पुढची शीट. ती रिकामी. मागं आठ माणसं लोणच्यासारखी भरलेली असली तरी रिकामीच. मी एकदा बसलो, तर अण्णानं मला कॉलर धरून खाली घेतलं. “ती बुक हाय.”

“कुनाची, अण्णा?”

“तुझी न्हाय न्हवं? मग झालं की.”

कुणाची ते गावाला ठाऊक होतं. अण्णाची एकुलती लेक सुनंदा चार गल्ल्या पलीकडं, जैनांच्या घरात दिलेली. तिनंच पसंत केलेलं घर. लग्नात अण्णा सगळ्यांसमोर गरजला होता, “माज्या घरातल्या रश्श्याचा वास सोसत नसंल, तर फिरकू नगोस हिकडं!” ती फिरकली नाही. सहा वर्षं झाली. अण्णानं मटण सोडलं, मासा सोडला, धरलेलासुद्धा सोडायला लागला. फक्त ‘चुकलो’ म्हणायला चार गल्ल्या चालायच्या होत्या. त्याऐवजी हा दर रविवारी घाट उतरून समुद्रापर्यंत जात होता.

गेल्या महिन्यात खाडीवर दिवसभर एक मासा लागेना. गिऱ्हाइकांत एक पाटील होते, आवाजानं खाडीचं पाणी मागं सारणारे. त्यांनी वैतागून माशी उलटी करून पाहिली.

“आरं तिच्यायला! हिच्या गळाला टोकच न्हाय की!”

सगळ्यांनी आपापली पाहिली. प्रत्येक गळाचं टोक पकडीनं कापलेलं. पाटलांनी खाडीच्या दोन्ही काठांना पुरतील इतक्या शिव्या दिल्या आणि सगळ्यांना घेऊन एसटीनं परत गेले. त्या रविवारनंतर अण्णाकडं कुणी फिरकलं नाही.

“असं का केलंस?” मी विचारलं.

अण्णा दोरी गुंडाळत राहिला. “डेअरीत सुनी भेटलती. मोबाइलवर दावलं तिला, बघ, मी सोडतोय मासा. म्हनली, ‘अण्णा, सोडायचाच हाय तर त्येचं तोंड फाडतासा कशाला?’ आन् किटली उचलून गेली.” मग म्हणाला, “बोलली पर. सा वर्सांनी.”

आता दर रविवारी आम्ही दोघंच जातो. टोक नसलेली माशी पाण्यावर नाचवतो. तांबोशी येऊन तिला धडक मारतात आणि हसत परत जातात.

परवा घाटात मला मळमळायला लागलं. “अण्णा, पुढं बसू दे की! जीपमधी कोन हाय दुसरं?”

“न्हाय. मागं बसली की तिला गाडी लागती.”

“मला बी लागत्या की!”

अण्णानं गाडी थांबवली, खिशातनं प्लास्टिकची पिशवी काढली, माझ्या हातात दिली, आणि पुढच्या शीटवर पडलेला पाचोळा हातानं झाडून गाडी चालू केली.