सरदाराचा नमस्कार

हरिदास मास्तरांचं एक ठाम मत होतं. कुठल्याही कादंबरीची दहा पानं वाचली की तिची लायकी कळते. अकरावं पान उलटणारा माणूस एकतर रिकामटेकडा असतो, नाहीतर बिघडलेला! आता सोलापुरातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण आडवं येणार? नवी पेठेतल्या वाचनालयात कुठलं पुस्तक ठेवायचं आणि कुठलं रद्दीत घालायचं, ते मास्तरच ठरवायचे.

तर त्या मे महिन्यात झालं असं, की गिरणीतला कुणी मोठा साहेब बदलून मद्रासकडं गेला आणि जाताना बायकोची इंग्रजी पुस्तकं ट्रंकेसकट वाचनालयाला देऊन गेला. वाचनालयाचे सेक्रेटरी सिद्धलिंगप्पा, कापडवाले. त्यांनी ट्रंक उघडली, आत डोकावले आणि आत नाग असल्यासारखं धाडकन झाकण लावलं!

"मास्तर, आपल्याकडं बायकामाणसं येतात हो," ते घाम पुसत म्हणाले. "ही चित्रं बघा! रविवारी मिटिंग आहे. तुम्ही वाचून मत द्या."

"मत आत्ताच देतो. रद्दी! पण उद्या कुणी म्हणायला नको, न वाचता निकाल दिला म्हणून. एका दुपारीत ट्रंक खलास करतो."

मास्तरांनी ट्रंक सायकलवर बांधून घरी आणली आणि पहिलं काम काय केलं? जुन्या कॅलेंडरची पानं काढून, खळ लावून सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली. कारण बहुतेक चित्रांत एक मोठा इंग्रज सरदार एका बाईला असा काही धरून उभा होता, की घरात लग्नाची पोरगी असलेल्या बापानं ते उघड्यावर ठेवूच नये.

आणि पोरगी खरंच लग्नाची होती. शालन. मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेली, दिसायला नीटस, पण आधीची दोन स्थळं फिसकटलेली. एकाला मुलगी जास्त शिकलेली वाटली, दुसऱ्याला कमी! आता कुठं बार्शीचं स्थळ जमत आलं होतं. मुलाचे वडील आबासाहेब धान्याचे आडते, मुलगा यशवंत बी. ए. होऊन वीज मंडळात चिकटलेला. मुलानं मुलगी बघताक्षणी पसंत केली होती. मास्तरांच्या बायकोनं, मीनाबाईंनी, सिद्धेश्वराला नारळ बोलून ठेवला होता. आठ दिवसांवर सुपारी फुटायची होती. हे स्थळ गेलं असतं तर मीनाबाईंनी हाय खाल्ली असती.

असो. मास्तर पुस्तक घेऊन माडीच्या जिन्याखाली सावलीत बसले. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली. म्हातारा राजा भ्रमिष्ट झालेला, कारभार पोराच्या हाती, आणि बडी बडी घराणी लग्नाच्या पोरी घेऊन लंडनला मुक्कामाला आलेली. दहा पानं झाली. मास्तर म्हणाले, "फालतू!" आणि अकरावं पान कधी उलटलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

दुपार गेली, चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी दुसरं पुस्तक, पुन्हा तेच! शुक्रवारी मीनाबाईंचा पारा चढला.

"अहो, पापडाचं पीठ कुटायचं राह्यलंय! त्या पुस्तकात डोकं घालून बसलाय नुसतं. हाय तरी काय त्यात एवढं?"

अंगणात शेजारच्या गोजरबाई आणि आणखी दोघीतिघी पापड लाटायला बसल्या होत्या. त्यांनीही लाटणी थांबवली. "व्हय की मास्तर, सांगा की! हात चालतील आमचे."

मास्तर मान वळवून खाकरले. शिक्षकाला कुणी 'सांगा' म्हटलं तर त्याला गप्प बसवत नाही. त्यांनी सुरुवात केली. पण नायिकेचं नावच एवढं लांब आणि अवघड, की बायकांच्या डोक्यात ते बसेना. कुणाची पोर? कुठल्या गावची? भाऊ किती? गोजरबाईंनी तर विचारलं, "शेतीवाडी हाय का बापाची?"

"जमीन आहे, पण ती चुलतभावाकडं जाणार."

"मेल्यानं गिळली म्हणा की!" सगळ्या एकदम हळहळल्या. लंडनची ती लग्नसराई त्यांना एका क्षणात कळली. पोरी नटवून आणायच्या, आत्या-मावश्यांनी कानाला लागायचं, पाहुण्यांनी नाकं मुरडायची. यात न कळण्यासारखं काय होतं? पण नावं मात्र काही केल्या लक्षात राहीनात.

शेवटी मास्तर वैतागले. "हे बघा, सोपं करतो. ती पोरगी म्हणजे आपली शालन समजा. सरदार तो सरदार."

झालं! खड्डा मास्तरांनी स्वतःच्या हातानं खणला. गोष्ट मात्र गाडीसारखी सुटली. मास्तर सांगत होते, बायका न्याय करत होत्या. सरदार उशिरा आला की शिव्या, सावत्र आईचं नाव निघालं की बोटं मोडणं. "शालनचं चुकलं, तिनं आधी बापाला इचारायचं," गोजरबाईंनी निकाल दिला. खरी शालन तिकडं गच्चीवर कुरडयांवरचे कावळे हाकत बसलेली.

नेमक्या त्या वेळी दारात केराबाई उभ्या राहिल्या. या गल्लीतच राहायच्या, माहेर केमचं, आणि आबासाहेबांची चुलत बहीण! स्थळ त्यांनीच आणलेलं. आल्या होत्या शेवयांची चाळण मागायला. त्यांच्या कानावर काय पडावं?

"...आणि शालन त्या सरदाराबरोबर बागेत एकटी सापडली!" मास्तर रंगात येऊन हातवारे करत होते. "सगळ्या गावानं बघितलं! घराण्याची अब्रू गेली! आता बाप काय करणार?"

"काय करनार? लगीन लावल्याबिगर गत न्हाय!" गोजरबाई लाटणं आपटून म्हणाल्या. मीनाबाईंनी तर डोळ्याला पदर लावला होता.

केराबाईंनी अंगणभर नजर फिरवली. शालन कुठंच नाही! चाळण राहिली चाळणीच्या जागी. त्या तशाच मागं वळल्या आणि थेट बार्शीच्या एस.टी.त बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दात घासत होते, तोच दारात आबासाहेब, त्यांची बायको मथुराबाई, मागं केराबाई आणि सगळ्यांच्या मागं यशवंत. तोंडं अशी, की जणू मयतीला आलेत.

"या या! आज अचानक? सुपारी तर..."

"सुपारी ऱ्हाऊ द्या!" आबासाहेब गरजले. "आदी सांगा, त्यो सरदार कुटं हाय?"

मास्तरांच्या तोंडात ब्रश तसाच राहिला. "कोण सरदार?"

"ज्याच्यासंगं तुमची पोर बागेत घावली! केरानं तुमच्याच तोंडून ऐकलंय!"

मीनाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच बसकण मारली. शालन आत चुलीपाशी थिजली. मास्तर ब्रश हातात घेऊन, फेसासकट, घाईघाईनं सगळं समजावू लागले. पुस्तक आहे, इंग्लंड आहे, दीडशे वर्षं झाली, सरदार मेलासुद्धा असेल!

"पुस्तक हाय तर त्यात तुमच्या पोरीचं नाव कसं?"

"ते मी घातलं!"

"सोताच्या पोरीचं?" मथुराबाईंनी गालाला हात लावला. मास्तर आत धावले आणि पुस्तक आणून आबासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

आबासाहेबांनी पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. इंग्रजीचा गंध नाही, पण आयुष्य धान्याच्या बाजारात गेलेलं. "मास्तर, पोत्याच्या तोंडाशी समदेच चांगलं धान्य ठिवत्यात. आमी मधोमध हात घालतो. आनि एकाच पोत्याचे दोन नमुने काढतो. जुळले तर माल खरा." त्यांनी बरोबर मधोमध बोट घालून पुस्तक उघडलं. "हे पान. आदी तुमी सांगायचं. मग तुमाला भाईर घालवून पोरीला सांगायला लावायचं. ती शिकलेली हाय न्हवं?"

"बाबा, मी वाचू का?" यशवंत हळूच म्हणाला.

"तू गप! तुझी साक्ष नको. तू तर पाघळून बसलायस."

मास्तरांनी पान बघितलं. एवढ्या जाड पुस्तकात आबासाहेबांच्या बोटाला हेच पान सापडावं? बाग, चांदणं, सरदार, पोरगी, आणि पुढचं अर्धं पान त्या सरदारानं तिचा जो मुका घेतला त्याचं सविस्तर वर्णन! समोर होणारे व्याही, विहीणबाई, दाराआड बायको.

"सरदार बागेत आला," मास्तरांनी सुरुवात केली. "चांदणं पडलं होतं. तो तिच्याजवळ गेला. आणि... आणि..."

"आनि काय?"

"आणि त्यानं तिला वाकून नमस्कार केला!"

"येवढ्या मोट्या सरदारानं? पोरीला?"

"तिकडची पद्धत आहे."

"मग?"

मास्तरांनी पुढच्या ओळीवर नजर टाकली. कानशिलावरनं घाम ओघळला. "मग परत एकदा केला."

"बरं. आता भाईर जावा."

मास्तरांना अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या हौदापाशी नेऊन उभं केलं. केराबाई पहाऱ्याला. आता काय होणार ते मास्तरांना लख्ख दिसत होतं. शालन सरळ पोर. शब्दाला शब्द लावून खरं ते सांगणार, कारण त्यांनीच तिला तसं शिकवलं होतं! मग नमुने जुळायचे नाहीत. बाप खोटारडा ठरणार, लग्न मोडणार, आणि शालनच्या नावाला जन्माचा बट्टा लागणार. त्या क्षणी त्यांना सगळ्या ट्रंकेचा इतका राग आला, की ती हौदात बुडवावी!

घरात शालन डोक्यावर पदर घेऊन पुढं आली. पुस्तक हातात घेतलं. पान बघितलं आणि तिचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. मथुराबाई टक लावून बघत होत्या.

"वाच की बाई."

"सरदार बागेत आला," शालन खाली मान घालून म्हणाली. "चांदणं होतं. तो तिच्याजवळ आला आणि..." तिनं पदर पुढं ओढला. "आणि त्यानं तिला नमस्कार केला. वाकून."

"आनि मग?"

"मग... परत केला."

"जुळला!" आबासाहेबांनी मांडीवर अशी थाप मारली, की हौदापाशी मास्तर दचकले. "नमुना तंतोतंत जुळला! बोलवा मास्तरांना!"

मास्तर धावतच आत आले. चुलीपाशी बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू जातो, हे आबासाहेबांच्या लक्षातच आलं नव्हतं! बाप-लेकीची नजरानजर झाली आणि दोघांनीही झटकन दुसरीकडं बघितलं. मीनाबाईंनी देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. पण मथुराबाईंचं समाधान कुठं झालं होतं? त्यांनी पानावर बोट फिरवलं.

"एक नमस्कार सांगायला हे येवढं अर्धं पान लागतं व्हय? यशवंता, बघ रं तू!"

संपलं! शालननं डोळे मिटून घेतले. यशवंत पुढं झाला, पुस्तक घेतलं, आणि वाचू लागला. वाचता वाचता त्याचे कान लालबुंद झाले. त्यानं मान वर करून शालनकडं बघितलं. तिनं एक डोळा किलकिला करून त्याच्याकडं बघितलं.

"काय लिवलंय?" आबासाहेबांनी दरडावलं.

"नमस्कारच हाय, बाबा," यशवंत म्हणाला. "पर लई मनापासनं केलाय."

शालनला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. आबासाहेब उठले, मास्तरांना मिठी मारली आणि म्हणाले, "चुकलं आमचं, मास्तर! आता आलोच हाय तर आजच फोडू की सुपारी." केराबाई पुटपुटल्या, "म्या काय, ऐकलं ते सांगितलं," आणि मुकाट्यानं पोहे करायला आत गेल्या. मथुराबाईंनी मात्र पोहे हातात घेऊनच विचारलं, "मग पुढं त्या पोरीचं लगीन झालं का न्हाय?" मास्तरांना उरलेली गोष्ट पुरी सांगावी लागली. या खेपेला पोरीला त्यांनी तिचं इंग्रजी नावच ठेवलं, कितीही अवघड असलं तरी!

रविवारी मिटिंगमध्ये मास्तर उभे राहिले. "पुस्तकं ठेवावीत. नीतीच्या दृष्टीनं उत्तम. वडीलधाऱ्यांनी निर्धास्त वाचावीत." सिद्धलिंगप्पा आ वासून बघत राहिले.

मास्तर मोठ्या समाधानानं घरी आले. शालन गच्चीवर होती. कुरडया कालच वाळून डब्यात गेल्या होत्या, तरी गच्चीवर ती काय राखत बसलीय ते ट्रंकेत एक पुस्तक कमी भरल्यावर मास्तरांना आता कळलं होतं, पण विचारायची त्यांची छाती नव्हती. अंगणात मीनाबाई चहाचा कप घेऊन समोर आल्या.

"अहो, त्या इंग्लंडच्या लोकांचं मला कौतुक वाटतं हो."

"कशाचं?"

"बायकांना नमस्कार करत्यात. तुमी इतक्या वर्षांत मला येकदा तरी केला का?"

"छे! काहीतरीच तुझं," मास्तर ऐटीत हसले. त्यांनी कप बाजूला ठेवला, दोन्ही हात जोडले आणि चांगलं कमरेत वाकून म्हणाले, "घे. झाला नमस्कार. खूश?"

मीनाबाईंनी त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं.

"असा नव्हं," त्या म्हणाल्या. "परवा तुमच्या पुस्तकाच्या चित्रावरचा कागद सुटला हुता. खळ लावून म्याच परत डकवला."