धवल्यांचे गाठोडे गनिमापासून सोडविले, त्याची हकीकत

गावदेवीस, समुद्रास आणि खारीच्या बांधास नमस्कार करोन, मौजे खारडोंगरी, मुलूख खारेपाट, तालुके अलिबाग येथील रहिवासी दिनानाथ हिरू घरत याणे ही हकीकत स्वहस्ते लिहिली. शक आणि सन यांचा हिशेब आम्हांस साठी उलटल्यावर प्रौढ वर्गात शिकविला होता, परंतु तो टिकला नाही. सबब साल ऐसे ओळखावे की, जे साली चिरंजीव विनेश याची कन्या राही हिची सोयरिक किहीमास जमली आणि हळद वैशाखात नेमिली, ते हे साल. बखरीत स्वतःस काय म्हणावे याचाही बहुत विचार केला. नुसते दिनानाथ म्हणावे तर मोहिमेस शोभा नाही, आणि दिनानाथराव म्हणावे तर सून हसते. मग दिनानाथरावच म्हटले आहे. सुनेस घरात हसण्याची कारणे थोडी आहेत.

आता मोहिमेचे मूळ. दिनानाथरावांची थोरली बहीण येसूबाई ही खारेपाटातील नामांकित धवलारीण. आम्हां आगरी लोकांत लग्नाची विधीची गाणी, म्हणजे धवले, धवलारीण पुढे सांगते आणि बाकीच्या बायका मागून ओढतात, आणि मांडवाची मेढ रोवणे असो की हळद लावणे असो, तिच्या शब्दाविना काम पुढे सरत नाही, भटजी आले तरी ओटीवर बसोन चहा पितात. ऐसी बाई, जिने निम्म्या तालुक्याची लग्ने लाविली, तिजवर गेल्या दिवाळीत अर्धांगवायूचा घाला पडला, आणि उजवा हात गेला, आणि हातामागोमाग वाचा गेली. मग घरात आणि भावकीत कोणास धवला पुरता येतो याची चौकशी केली, तो सर्व बायका मागून ओढणाऱ्या निघाल्या, पुढे चालणारी एक नाही. तेव्हा नवरी राही हिने हुजुरास साफ कळविले की, आत्याआजीचा धवला नसेल तर हळद लागणार नाही, किहीमकरांस काय सांगायचे ते सांगा. येसूबाईने डाव्या हातची काठी जमिनीवर एकवार आपटली. एकवार म्हणजे होय, दोनवार म्हणजे नाही, ऐसी तिची भाषा त्या दिवसांत होती.

तेव्हा स्मरण जाहले की, बहुत वर्षांमागे कॉलेजची रचना नामे मुलगी येऊन येसूबाईचे सर्व धवले ध्वनिमुद्रित करोन गेली होती, आणि एक सीडी देऊन गेली होती. सीडी देव्हाऱ्यामागे बहुत अदबीने ठेविली होती, सबब ती कोणी कधी लाविली नाही, आणि खाऱ्या हवेने तिचा पापुद्रा खाल्ला. परंतु तत्पूर्वी गावचा डीजे हरेश्वर याणे तिची नक्कल आपल्या पेनड्राइव्हात, एकाच झिप फाइलीत आवळोन ठेविली होती. झिप फाइल म्हणजे गाठोडे. आत लुगडी कितीही असोत, वर गाठ एक. आणि हा पेनड्राइव्ह ऐसा की रेवसपासून मुरुडपर्यंत ज्या ज्या मांडवात गेला त्या त्या यंत्राचे पाणी प्यालेला. सुनेने ऐकताच शंका घेतली की यात व्हायरस नामक गनीम असेल. हरेश्वर ओटीवर उभा होता, त्यास ही गोष्ट बहुत लागली.

"काका, माझ्या पेनड्राइव्हात कसला व्हायरस? माझी गानी आयकून मानसं आजारी परतात का?"

"परतात," विनेश बोलला.

आता सैन्याची मोजदाद. घरचा संगणक हा राहीहून किंचित धाकटा. सून भाविका अलिबागेस वकिलांकडे टायपिंग करिते, त्या वकिलांनी निकालात काढिला तो तिने घरी आणोन तांदळाच्या कणगीशेजारी बसविला आणि वर जुने नऊवारी लुगडे पांघरविले. दुसरा मार्ग नव्हता. विनेशच्या मोबाइलाने गाठोडे पाहोन तोंड फिरविले, वकिलांनी कचेरीतील यंत्रास हा पेनड्राइव्ह लावण्याची सक्त मनाई केली, अलिबागच्या दुकानदाराने ठेवून जा, आठवड्याने या, ऐसे फर्माविले, आणि हळद परवावर आलेली. मग दिनानाथरावांनी डोक्यास टापर बांधिली, खुर्चीवर मुक्काम केला, आणि मोहिमेचा विडा उचलिला. त्यांस माऊस धरता येत नव्हता, परंतु हुकूम देता येत होता, आणि मोहिमेस सेनापती लागतो तो एवढ्यासाठीच, ऐसी त्यांची समजूत होती.

प्रथम यंत्राच्या दारावरील जुना चौकीदार, जो अँटीव्हायरस म्हणवितो, त्यास पेनड्राइव्हाची झडती घेण्यास नामजाद केले. चौकीदाराने थोडकी खुडबूड करोन जाहीर केले की सर्व ठीक, गनीम नाही. दिनानाथरावांनी तात्काळ फत्ते जाहल्याचा पुकारा केला, आणि शेजारी गूळ वाटविला, आणि व्याह्यांस फोन करविला. तो भाविका हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि पडद्याकडे पाहोन बोलली:

"बाबा, त्यानं मोटली वरून चाचपली. सोरून बघतली न्हाय. आत काय हाय त्याला काय ठावं?"

मग तिने चौकीदारास गाठोड्यात शिरोन पाहण्याची ताकीद दिली, आणि चौकीदार शिरला, आणि लाल पाटी घेऊन ओरडत बाहेर आला की आत गनीम आहे, आणि मला एकटा गनीम वेचोन काढता येत नाही, हुकूम द्या, सारे गाठोडे जाळोन टाकितो. वाटलेला गूळ लोकांच्या तोंडात होता तो परत मागता येईना. ओटीवर येसूबाई बसली होती, तिने काठी दोनवार आपटली. दिनानाथराव उमर सारी बांधावर राहिलेले, त्यांनी मनात म्हटले की खेकड्याने बांध पोखरला तर तेवढे भोक खणोन भरावे, सारी खार, म्हणजे बांधामागचे भातशेत, बुडवू नये, आणि जाळण्याची मनाई केली. येथवर सेनापतींची अक्कल ठीक चालली होती.

पुढे ती चुकली. खारीच्या बांधास उघडी म्हणोन एक दार असते, भरतीचे खारे पाणी चढू लागले की ते प्रथम बंद करावे आणि मग बाकीचा विचार करावा, ऐसा आमचा बांधावरचा कायदा. दिनानाथरावांस कळले होते की गनीम ज्या वाटेने फिरतात ती इंटरनेटाची वाट भिंतीतील तारेतून येते. सबब त्यांनी स्वतः उठोन ती तार उपटिली, गुंडाळिली, आणि कमरेस खोवोन परत मुक्कामी बसले. चेहऱ्यावर समाधान बहुत.

भाविकेने तोवर वकिलांच्या जुन्या सामानातून एक सीडी हुडकिली होती, त्यात जुन्या यंत्रांसाठीच केलेला एक झडतीनवीस होता. त्याची रीत ऐसी की गाठोडे निराळ्या कोठडीत नेऊन सोडावे, एकेक वस्त्र झाडोन चौकीदारास दाखवावे, खराब निघेल ते फेकावे, आणि बाकीचे पुन्हा बांधोन धन्याचे हवाली करावे. परंतु झडतीनवीसाने प्रथमच अर्ज केला की चौकीदारापाशी गनिमांची यादी बहुत जुनी आहे, नवी यादी मागवा, नाहीतर ओळख पटणार नाही. यादी यावी कोठून, तर त्याच तारेने. सुनेने तार मागितली. दिनानाथरावांनी देण्यास इनकार केला आणि फर्माविले की भरतीत उघडी खोलणारा माणूस आमच्या गावचा नव्हे. विनेश समजावू लागला, त्यास वाक्याच्या मध्येच रजा दिली. मग भाविका त्यांच्यासमोर पाटावर बसली.

"बाबा, उघडी कायमची बंद ठेवली तर पावसाचा पानी कुठं जाईल?"

"शेतातच राहील."

"मंग?"

दिनानाथरावांनी कमरेची तार चाचपिली. मग बोलले, "भात कुजल."

"मंग ओहोटीला काय करता तुमी?"

"सोरतो." आणि कमरेची तार काढोन देत विचारिले, "आता ओहोटी हाय ना?"

"हाय. यादी आली का लगेच बंद करते."

तिने शब्द पाळिला. यादी आली आणि तार पुन्हा कमरेस गेली.

मग झडती सुरू जाहली. वैशाखाचे दुपारचे ऊन, आणि यंत्र म्हातारे, आणि काम भारी, त्यामुळे ते घरघरू लागले आणि तापले, आणि पडद्यावरील हिरवी पट्टी मध्येच थांबली. भाविकेने यंत्राचा बाजूचा पत्रा उतरविला, आत धूळ आणि तांदळाचे तूस निघाले. दिनानाथराव सूप घेऊन वारा घालू लागले. विनेशने सुचविले की टेबलफॅन आहे. दिनानाथरावांनी सूप चालूच ठेविले, कारण सेनापतीपाशी काम दुसरे उरले नव्हते. येसूबाईस खुर्चीसुद्धा उचलोन आत आणिली. ती पट्टीकडे न पाहता राहीकडे पाहत होती, आणि राही पट्टीकडे.

पट्टी पुन्हा चालली, आणि झडतीनवीसाने गनीम धरिला. परंतु पाहतात तो काय, त्याचे नाव हळदीचा धवला. त्याच नावाचे दुसरेही एक वस्त्र शेजारी होते. झडतीनवीस विचारी, हा फेकू काय? हे एकच गाणे नसेल तर बाकी सर्व असोनही हळद लागत नाही, हे घरातील सर्वांस ठावूक. दिनानाथरावांचे सूप थांबले. हरेश्वर दारात येऊन उभा राहिला होता, तो हळूच बोलला की काका, दोनी ठेवा. त्यास येसूबाईनेच काठी दाखविली. मग भाविका सासऱ्यास म्हणाली:

"बाबा, आत्येचा हलदीचा धवला केवरा लांब हाय?"

"घागर घेऊन इहिरीवर गेलेली बाय परत येल, येवरा."

"आन यो चोर बघा. शिंक येल येवराच हाय. नाव घेतला म्हनून गला येतो का?"

दिनानाथरावांनी येसूबाईकडे पाहिले. काठी एकवार वाजली. मग हुकूम दिला, आणि चोर फेकिला गेला, आणि गाठोडे पुन्हा बांधोन बाहेर आले, आणि भाविकेने ते सोडोन उरलेला हळदीचा धवला लाविला.

आधी खरखर जाहली. मग येसूबाईचा जुना आवाज, जोरकस, कणगीशेजारून आला:

"दिना, ती कोंबरी हाकल आधी."

दिनानाथराव उठोन उभे राहिले आणि कोंबडी पाहू लागले. घरात कोंबडी नव्हती, बहुत वर्षे नव्हती. मग धवला सुरू जाहला. येसूबाई अर्ध्या तोंडाने हसत होती, आणि तिच्या डाव्या हाताची बोटे काठीवर ताल धरू लागली, आणि राही तिच्या मांडीवर डोके ठेवोन बसली. चुलीवरचा भात करपला, तो रात्री तसाच खाल्ला.

हळदीच्या दिवशी हरेश्वराने आपला कर्णा विनामोल लाविला. पुढे येसूबाईचा जुना आवाज आणि मागे भावकीतील झाडून साऱ्या बायका ऐसा धवला चालला, आणि जेथे आवाज खोकला तेथे बायका त्याचा खोकला संपेपर्यंत थांबल्या. नवरीस पहिली हळद येसूबाईने डाव्या हाताने लाविली. डाव्या हाताने चालते काय, ऐसे किहीमकरांकडील एका म्हातारीने विचारिले. धवलारणीला चालते, ऐसा निवाडा बायकांनी दिला, आणि भटजी ओटीवर चहा पीत होते, त्यांनीही मान डोलाविली.

येणेप्रमाणे वैशाख मासी, मौजे खारडोंगरी येथे, झिप गाठोड्याची मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील एक मारिला. आमचेकडील एक सूप फाटले, भात करपला, आणि सेनापतींचा संगणकाविषयी इतबार गेला तो सुनेवर बसला. तार दिनानाथरावांच्या कमरेस लग्न होईतो होती. विजयाचे श्रेय कोणाचे हा वाद घरात निघाला तेव्हा दिनानाथरावांनी मोठ्या मनाने ते अर्धे सुनेस दिले, आणि सुनेने ते राहू द्या म्हणोन परत केले, ही नोंद बखर खरी असावी म्हणोन केली आहे.

येसूबाई जोमा म्हात्रे, धवलारीण, ही त्याच साली श्रावणात, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, खारडोंगरीस भावाच्या घरी वारली.