सतरा अध्यक्ष आणि एक बंब

आमच्या गल्लीत गरम पाण्याचं एक मंडळ होतं. त्यात अध्यक्ष सतरा आणि कार्यकर्ता एक. हे मी पदरचं सांगत नाही, तसं छापील होतं. लेटरहेडच्या डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत अध्यक्षच अध्यक्ष, गुळाला मुंग्या लागल्यासारखे. सगळ्यांत खाली, कागद फाटला तर पहिल्यांदा जाईल अशा जागी, एकच नाव : ‘कार्यकर्ता – तात्या चावीवाले’.

तात्याचं खरं आडनाव मलाही आठवत नाही. जन्मभर तो म्युनिसिपालटीत पाणी सोडायच्या कामावर होता. खांद्यावर लोखंडी चावी टाकून पहाटे गल्लोगल्ली फिरायचा आणि व्हॉल्व्ह उघडायचा. रिटायर झाला तरी डोळा चारलाच उघडायचा. माणसं रिटायर झाली की रंकाळ्यावर फिरतात, देवळात बसतात, सुनेच्या चुका काढतात. ह्याला सून नव्हती. मुलगाच नव्हता, बायको लवकर गेलेली. मग ह्यानं एका मोडलेल्या मंगल कार्यालयातला तांब्याचा भला मोठा बंब विकत घेतला आणि हातगाड्यावर बसवला.

“जन्मभर गार पाणी सोडलं,” मला म्हणाला, “आता गरम सोडून बघतो.”

रोज दिवस उगवायला हा गाडा सरकारी दवाखान्याच्या दारात न्यायचा. राधानगरीपासून नेसरीपर्यंतची माणसं तिथं पेशंटजवळ राहायला आलेली असायची. एक पिशवी, एक चादर आणि एक तांब्या एवढाच त्यांचा संसार. कुणाला बाळंतिणीला शेकायला, कुणाला म्हाताऱ्याचं अंग पुसायला, कुणाला तान्ह्याचं धुवायला गरम पाणी पाहिजे असायचं. तात्या तोटी सोडायचा, तांब्या भरायचा, पुढं.

ह्यात काही अवघड नाही असं वाटेल. अवघड होता तो उतार. आमच्या गल्लीपासून दवाखान्यापर्यंत रस्ता खाली जातो. पुढं एक माणूस दांडीला आणि मागं एक माणूस दोरी धरून पाहिजेच. मागचा नसला तर उकळत्या पाण्याचा बंब आपल्या अंगावरनं जाऊन आपल्या आधी दवाखान्यात पोचणार. तेव्हा तात्याचा जन्माचा प्रश्न एकच होता : आज मागचा माणूस कोण? मिळाला तर तिथं तांबे भरणार, नाही मिळाला तर रिकामे परत जाणार. म्हणून पहाटे गाडा पेटवून तो गल्लीत ओरडायचा, “पाणी तापलंय, माणूस कुठं हाय?” कोंबडं परवडलं. ते निदान उत्तर मागत नाही.

माणसं धरायची त्याची एक तऱ्हा होती. सलूनच्या बाकावर पेपर घेऊन बसायचा आणि गिऱ्हाईक अर्धं झालं की उठायचा. सलूनवाला त्याला सामील. बँकेतले जोशी साहेब असेच सापडले. एक गाल गुळगुळीत, एक गाल फेसात. तात्यानं रजिस्टर पुढं धरलं आणि सलूनवाला वस्तऱ्याला धार लावायला म्हणून आत गेला तो येईचना. बँकेची वेळ झालेली. साहेबांनी सही केली, तेव्हा दुसरा गाल मिळाला.

पण धरलेला माणूस टिकत नाही, हे तात्याला लवकर कळलं. त्यावर त्यानं औषध काढलं. “आप्पा,” मला म्हणाला, “कोल्हापुरात कार्यकर्ता हो म्हटलं की माणसाची कंबर दुखत्या. अध्यक्ष हो म्हटलं की तीच कंबर ताठ हुत्या.” आणि त्यानं प्रत्येकाला अध्यक्ष करून टाकलं. चाकाचे अध्यक्ष. झाकणाचे अध्यक्ष. तोटीचे अध्यक्ष. ब्रेकचे अध्यक्ष, गाड्याला ब्रेक नसताना. जोशी साहेब शिकलेले म्हणून त्यांना उष्णतेचे अध्यक्ष केलं. त्यांनी पहिल्याच दिवशी घरातनं ताप बघायचं थर्मामीटर आणून बंबात सोडलं. त्यावर एकशे आठच्या पुढं आकडेच नसतात, हे बंबाला कोण सांगणार? थर्मामीटर फुटलं, पारा पाण्यात गेला, अख्खा बंब गटारीत ओतावा लागला. त्या दिवशी दवाखान्यातली माणसं रिकामे तांबे घेऊन परत गेली. साहेबांनी मात्र कमिटीत ठराव मांडला की पाणी गरम होते असे निदर्शनास आले.

औषधाचा व्हायचा तोच गुण आला. अध्यक्ष गाडा कसा ओढणार? चाकाचे अध्यक्ष म्हणायचे, माझं काम चाकापुरतं. झाकणाचे अध्यक्ष झाकण बघून घरी जायचे. शेवटी मीटिंग झाली, तीत गाडा ओढण्याचे अध्यक्ष निवडले गेले. त्यांनी हार घालून घेतला आणि गाडा कसा ओढावा यावर अर्धा तास भाषण केलं. गाडा जागेवरच.

वर्धापनदिनाला मात्र झाडून सगळे फेटे बांधून यायचे. त्या फोटोत बंब कुठं दिसत नाही. पुढं फेटे फार झाले.

कुणी राजीनामा दिला तर तात्या तो दोन्ही हातांनी घ्यायचा, वाचायचा नाही, घडी घालून बंबाच्या नळीत सारायचा. “राजीनाम्याला आग लवकर लागत्या,” म्हणायचा. “रॉकेल वाचतंय.” आणि दुसऱ्या दिवशी पेटलेला गाडा त्या राजीनामेवाल्याच्या दारात. हाक नाही, शिवी नाही. नुसता उभा. धूर खिडकीतनं आत. घटकाभरानं बायको खोकत बाहेर यायची आणि नवऱ्याला ढकलून द्यायची. अशी दोन दिवस सेवा व्हायची. तिसऱ्या दिवशी खिडकी बंद करून झोपायची अक्कल यायची.

मी? मी ह्या भानगडीत नव्हतो. चाळीस वर्षं फौंड्रीत भट्टीपुढं काढली, रिटायर झाल्यावर पुन्हा जाळापाशी उभं राहायची मला हौस नव्हती. तात्यानं मला धुराचे अध्यक्ष करतो म्हटलेलं. मी त्याला जे सांगितलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण लेटरहेडवरचं सतरावं नाव आमच्या मालकिणीचं, म्हणजे माझ्या बायकोचं होतं. तिला कुणी धरलं नाही, धूर घातला नाही. एक दिवस ती आपली आपण दारात गेली आणि तात्याला विचारलं, “मागनं दोरी धरायची, एवढंच न्हवं?” झालं. त्या दिवसापासनं रोज पहाटे पदर खोचून ती मागं आणि तात्या पुढं. जाता येता दोघांची बडबड. कुणाच्या सुनेला काय झालं, कुठल्या पेशंटला घरी सोडलं. मंडळाच्या नियमाप्रमाणं तिलाही पद मिळालं : जळणाच्या अध्यक्ष. सुताराच्या दुकानातनं भुसा, ढलप्या पोत्यात भरून आणायची. अख्ख्या मंडळात काम करणारा अध्यक्ष हा एवढाच.

मी तिला टोचून बोलायचो. अंघोळ करून बाहेर येताना म्हणायचो, “घरचं टाकून गावाला अंघोळी घालालीस. उद्या पाटी लाव दारावर.”

“तुमचं पाणी कधी चुकलंय काय?” एवढंच म्हणायची.

नव्हतं चुकलं. उन्ह अंगणात आलं की मोरीत पितळी बादली वाफा मारत असायची. नऊ वर्षं त्या कढत पाण्यानं अंघोळ केली आणि अंघोळ करता करता त्या मंडळाला शिव्या घातल्या. शिव्या द्यायला गरम पाण्यात घसा चांगला मोकळा होतो.

मग एका थंडीत ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. सोळाच्या सोळा अध्यक्ष आले. चांगलं बोलले. तोटीच्या अध्यक्षांनी तर तिला मंडळाचा कणा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कणा नव्हता आणि त्यांच्यातला एकही उठला नाही. ते मला कळलं कारण मी जागाच होतो.

मी घरात बसून राहिलो. पोरगी उचगावला दिलेली, तिच्याकडनं डबा यायचा. चूल पेटवली नाही, अंघोळ केली नाही. कशाला करायची? कुणाला वास येणार होता?

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी उन्ह अंगणात यायच्या वक्ताला खिडकीतनं धूर आत आला. बघतो तर तात्याचा गाडा माझ्या दारात. मला असा राग आला की काय सांगू. माणसाची बायको जाऊन पंधरा दिवस नाहीत आणि हा मागचा माणूस हुडकत दारात. खिडकीतनं मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो गाडा घेऊन गेला. दार उघडलं तर उंबऱ्यापाशी भरलेली बादली. वाफा मारत.

आमिष, दुसरं काय. मी ती न बघताच गटारीत ओतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर, पुन्हा बादली, पुन्हा गटार. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी माझा मलाच वास सोसेना, म्हणून आत घेतली. तांब्या बुडवताना काठावरचं नाव दिसलं. मालकिणीचं नाव, ठोक्यांनी घातलेलं. लग्नातली बादली. मोरीत असायची ती हीच. हिला मी पंधरा दिवस घरभर हुडकत होतो.

पाचव्या दिवशी मी दार उघडून उभाच राहिलो. तात्या चढ चढून आलेला, छाती भात्यासारखी हलत होती. दांडीवर हात टेकून उभा. गाड्यावर बंबाशेजारी एक फाटकं टायर आणि एक धोंडा.

“सतराच्या सतरा मेले काय रे तुझे?” मी म्हटलं.

“सोळा झोपल्यात,” तो म्हणाला.

मी गाड्याकडं बघितलं. मग विचारलं, टायर कशाला?

“मागनं दोरीला बांधतोय. वर धोंडा ठेवतोय. उताराला चांगलं धरतंय.” त्यानं टायरवर हात ठेवला. “बोलत न्हाय, एवढंच.”

मी म्हटलं, “हे बघ, मी येणार न्हाय. रोज दारात उभा ऱ्हाऊ नको.”

“तुला कोण बोलवालंय?” तात्या पहिल्यांदा माझ्यावर चिडला. “वैनींचा नियम हाय. परत येताना बंबात ऱ्हायलेली शेवटची बादली आप्पाची. त्यांची बादली गाड्यावरच असत्या. नऊ वर्षं चालत आलाय. त्या न्हाईत म्हणून नियम मोडायचा?”

मी उंबऱ्यावर बसलो. नऊ वर्षं मला वाटत होतं, ती घरी येऊन चुलीवर पाणी तापवते. आमच्या चुलीवर एवढं पाणी तापायला किती जळण लागतं, हा हिशेब चाळीस वर्षं भट्टीपुढं काढलेल्या माणसाला सुचला नाही. ज्या मंडळाला मी रोज शिव्या घातल्या, त्याच मंडळाच्या पाण्यानं धुतलेल्या तोंडानं घातल्या.

“आणि तू कशानं अंघोळ करतोस?”

“नळानं.”

“ह्या थंडीत?”

“शेवटची बादली एकच असत्या,” म्हणाला आणि कालची रिकामी बादली हुडकायला लागला. ती आत मोरीत होती. मी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गल्लीत आला तेव्हा मी बाहेरच होतो. त्याची हाक अर्धी झाली, “पाणी तापलंय,” आणि पुढचं तोंडातच राहिलं. मी दोरीचं टायर सोडलं, धोंड्यासकट गटारीच्या कडेला टाकलं आणि दोरी धरली. दोरीला तिच्या हाताच्या जागा पडलेल्या होत्या. माझे हात त्यात बसत नव्हते. उतार लागल्यावर तात्या पुढनंच म्हणाला, “काय तरी बोल की.” मी जोशी साहेबांच्या थर्मामीटरवर बोललो. तो हसला. गाडा नीट उतरला.

दुपारी सुताराकडं जाऊन पोतं भरून आणलं. सुतारानं विचारलं नाही, बाजूला काढूनच ठेवलेलं होतं. शेवटची बादली आता आम्ही दोघं अर्धी अर्धी घेतो. अर्ध्या बादलीत अंघोळ होत नाही, पण तात्या ऐकत नाही आणि मीही ऐकत नाही.

वर्ष भरलं तेव्हा नवीन लेटरहेड छापायला निघालं. मी तात्याला म्हटलं, सतरावं नाव आता काढ. गेलेल्या माणसाला अध्यक्ष ठेवलेलं बरं दिसत नाही.

तात्यानं पोत्याकडं बघितलं. “जळण आलंय न्हवं आज?”

“आणलंय की.”

“मग अध्यक्ष कामावर हाईत,” म्हणाला, आणि कागदाच्या तळाला, स्वतःच्या नावाखाली, ‘कार्यकर्ता’चं ‘कार्यकर्ते’ करून माझं नाव लिहिलं.

तिच्या हाताखाली मी बेचाळीस वर्षं होतोच. छापून आता आलं.